बोळवण राहून गेलेलं आवतन

माझी आत्या सोजरबाई हिच्यावर अन्याय झाला. कधी, तर चैत्र सरता सरता, एका सोमवारी, दुपारी चार वाजून बत्तीस मिनिटांनी. वेळ इतकी पक्की ठाऊक आहे, कारण आमच्या व्हॅनमधल्या टेपच्या काचेवर ती हिरव्या आकड्यांत लुकलुकत होती आणि त्याच टेपासमोर मी वाकून बसले होते. अन्याय करणाऱ्यांत आमचे शेजारी बब्रुवानकाका होते, त्यांच्या मांडवात जमलेलं निम्मं गाव होतं, आणि पहिल्या नंबरला मी होते. बायांच्या संघटनेत पत्रक लिहायला आम्ही शिकलो तेव्हा पहिला धडा हाच होता: कुणावर, कधी आणि कुणी, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, बाकीचं मागून. गावोगावच्या भिंतींवर मी दुसऱ्यांची नावं अशी चिकटवत फिरले. स्वतःचं नाव त्या जागी लिहायला मला बरीच वर्षं लागली.

उमरग्याहून हायवेनं थोडं पुढं गेलं आणि आत वळलं की आमचं गाव. घरात बसलं तरी हायवेवरच्या ट्रकांचा आवाज यायचा, सकाळी गिरणीसारखा सलग, दुपारी तुटक. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, थोडं शेत होतं आणि एक पांढरी जुनी व्हॅन. शाळेच्या दिवसांत मास्तर लोकांची ने-आण, बाजारच्या दिवशी उमरग्याच्या फेऱ्या आणि लगीनसराईत वऱ्हाड. आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून आत्याची दोन खोल्यांची जागा. मधे एक बोळ, व्हॅन जेमतेम शिरेल एवढा. आत्या अण्णांहून मोठी. नवरा गेल्यावर पोराला काखेत घेऊन माहेरी आली आणि त्या दोन खोल्यांत राहिली. पोराचं नाव नागनाथ. आम्ही नागू म्हणायचो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. व्हॅनमधे त्याची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, दाराला चिकटून, कारण त्याला दार उघडायचा मान पाहिजे असायचा. गाडी थांबली की अण्णांनी हो म्हणेपर्यंत तो कडीला हात लावून बसायचा, आणि सगळे उतरेपर्यंत दार धरून उभा राहायचा. अकरा वर्षांचा असताना त्याला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि चौथ्या दिवशी नागू नव्हता. मी तेव्हा चौथीत होते. मला आठवतं ते इतकंच, की तेरावा झाल्यावर आत्यानं त्याच्या वाटणीचं धपाटं रोज थापलं आणि रोज माझ्या ताटात घातलं. ज्वारीचं जाड धपाटं, वरून शेंगांची चटणी आणि दह्याचा गोळा. मी खायचे. ती बघायची.

आत्याचा गळा सांगायचा राहिला. गोड वगैरे नव्हता. फाटका, जाड, मधेच खरखरणारा गळा होता. पण आमच्या भागात हळदीच्या दिवशी आवतनं गायची पद्धत आहे आणि आवतनाला गोड गळा लागत नाही, पाठ असलेली नावं लागतात. हळद लागायच्या आधी एक बाई बसून एकेकाला बोलावते. आधी तुळजापूरच्या आईला, मग कुळाच्या देवाला, गावच्या मारुतीला, आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, नाव घेऊन. आजा, पणजी, चुलता, कोवळेपणी गेलेलं एखादं पोर. कार्य आहे, या म्हणायचं. आणि लग्न झालं, मांडव उतरवायची वेळ झाली, की त्याच बाईनं मुहूर्तमेढीला हात लावून सगळ्यांची बोळवण करायची. झालं कार्य, आता आपापल्या जागी जा. ह्याला नियम एकच. ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं लावून द्यायचं. गावातल्या कुठल्या घरातलं कोण कधी गेलं हे आत्याला तोंडपाठ होतं. शंभर घरांचे मेलेले ती डोक्यात घेऊन फिरायची आणि वर विचारायची, "काय गं शैले, दहावीला सनावळ्या पाठ व्हईनात म्हनं तुला?"

आता टेपाकडं येते. व्हॅनमधे जो टेप होता तो कंपनीतूनच बसवून आलेला. कॅसेट आणि रेडिओ, एवढंच. कॅसेटी बाजारातून गेल्या, सगळ्यांच्या मोबाइलमधे गाणी आली, आणि वऱ्हाडातली पोरं गाडीत बसल्या बसल्या विचारायला लागली, "अण्णा, पेनड्राइव्ह लागतं का?" अण्णांचं तोंड पडायचं. उमरग्यातला दुकानदार म्हणाला, हा काढून टाका, नवा बसवतो. अण्णा तयार होईनात. "कंपनीचं काढलं की गाडीला भोक पडतंय. मग भोकातनं काय काय जातंय ते आपल्याला दिसत न्हाय." अण्णांना विजेचं फारसं कळत नव्हतं; पण त्या टेपाची बटणं नागूच्या बोटांनी गुळगुळीत झालेली आहेत, हे त्यांना कळत होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मलाही ते आत्ता, लिहिताना उमगतंय.

मग ते काम मी अंगावर घेतलं. अकरावी सायन्सला होते, सोल्डरिंगची कांडी मैत्रिणीच्या भावाकडून आणली होती, आणि मला वाटायचं की वायर हातात असली की जगातलं सगळं जोडता येतं. आधी वायरची कॅसेट आणली. दिसायला कॅसेटच, पण आत फीत नसते. तिच्यातून एक वायर निघते, ती मोबाइलला लावायची. महिनाभर चांगली वाजली. मग उन्हाळा लागला, गाडी पारापाशी उन्हात उभी राहिली, कॅसेटीचं प्लास्टिक वाकलं, आणि टेप तिला पापडासारखा बाहेर फेकायला लागला. मग टेपच उघडला आणि आतल्या पट्टीला सरळ वायर जोडली. गाणं आलं, पण त्याबरोबर इंजिनही आलं. गाडी पळवली की गाण्यामागं घूं वाढायचं, थांबवली की कमी व्हायचं. अण्णा म्हणाले, "ह्ये गानं हाय का गिरन?" वायर परत काढली. शेवटी उमरग्याच्या बाजारात, स्टँडसमोरच्या हातगाड्यावर, अंगठ्याएवढं एक यंत्र मिळालं. ते लायटरच्या खोबणीत बसवायचं, त्यात मोबाइलचं कार्ड घालायचं. ते स्वतःच एक इवलंसं रेडिओ स्टेशन होतं. त्यावर जो आकडा लावाल तोच टेपच्या रेडिओवर लावायचा. टेपला वाटतं आकाशवाणी लागली, आणि लागलेलं असतं आपल्या कार्डातलं गाणं. काही खोलायचं नाही, काही कापायचं नाही.

आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं भाकरी भाजत होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे गाडी सोताशीच बोलती व्हय? माझ्यासारकी."

त्या इवल्या स्टेशनचा आवाज गाडीबाहेर सात-आठ पावलं जायचा. आत्याकडं एक जुना रेडिओ होता, त्याचा काटा फिरवायची खुंटी केव्हाच तुटलेली. एकाच जागी अडकलेला, दिवसभर तेच केंद्र. मी मुद्दाम यंत्रावर तोच आकडा लावला. गाडी बोळात शिरली की आत्याच्या रेडिओतली शेतीची माहिती खरखरत बुडायची आणि आमच्या गाडीतलं गाणं वर यायचं. आत्या उठायची, चहाचं आधण ठेवायची. अण्णा गाडी लावून पाय धुवेपर्यंत कप तयार. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, रेडिओ कानाशी धरून बसायची. हॉर्न ऐकू यायचा नाही, पण हे यायचं. "आली बग चेटकी गाडी," म्हणायची. वर्षभर आमचा हा खेळ चालला. आयुष्यात मी हातानं बनवलेल्या गोष्टींमधे सगळ्यात चांगली ही, आणि तिचंच मी काय केलं ते पुढं सांगते.

त्या माघात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. तिला आत्यासकट सगळं घर ताई म्हणायचं. हळदीच्या दिवशी आत्या आमच्या घरी आवतनं गायला आली. इथं एक गोष्ट लिहिते, ती कुणाला आवडणार नाही. आत्या विधवा. आमच्याकडं विधवेनं हळदीच्या चौकापाशी यायचं नाही. पण आवतनं तर तिलाच येतात. मग गावानं यावर तोडगा काढलेला होता: तिनं गायचं, पण दिसायचं नाही. प्रत्येक घरात तिला स्वयंपाकघरात बसवायचे, मधे पडदा किंवा साडी बांधून. आवाज चौकात, बाई आत. आमच्या घरीही तसंच. माझ्या सख्ख्या आत्याला, माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीला, माझ्या आईनं गॅसच्या शेगडीजवळ पाट टाकून दिला आणि कुणालाही, मलाही, त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तिच्यासमोर मोबाइल धरून बसले आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. शेगडीवर पाहुण्यांसाठी बटाटे उकडत होते.

पहिलं आवतान, तुळजापूरच्या आईला,
हळद लागती गं, माझ्या भावाच्या ताईला.

दुसरं देवाला, तिसरं मारुतीला, चौथं माझ्या आज्याला. मग ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली:

पाचवं आवतान, माझ्या नागनाथ बाळाला,
ताईची हळद गं, लौकर ये मांडवाला.

'मांडवाला' म्हणता म्हणता कुकरची शिट्टी झाली. आत्या हसली. "आला बग," म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं.

लग्न झालं. चौथ्या दिवशी मांडव उतरवला तेव्हा बोळवण गायला आत्या एकटीच मेढीपाशी होती. मी आत पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो बघत होते. ते रेकॉर्ड करायचं माझ्या मनातही आलं नाही. बोळवण लांबत जाणारी, रडवेली. तिच्यावर कोण नाचणार? माझ्याकडं फक्त बोलावणं होतं. पाठवणं नव्हतं. ही माझी चूक, आणि ही चूक फक्त आमच्याच भागातली, आमच्याच घरातली पोरगी करू शकते. दुसरीकडं हे नुसतं गाणं असतं.

गाडीत ते गाणं लावलं आणि वऱ्हाडाला फार आवडलं. पोरं म्हणाली, लई भारी आवाज, अस्सल हाय. ब्लूटूथवर माझ्याकडून चौघांनी घेतलं. हे सगळं हायवेवर, म्हणून आत्याच्या रेडिओवर ते कधी आलं नव्हतं. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

चैत्रात बब्रुवानकाकांच्या पोरीची हळद आली. त्यांचं घर आत्याच्या घराला लागूनच. मांडव बोळाच्या तोंडाशी. सकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. चांगला माणूस. आत्याला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. चहा बशीत ओतून म्हणाले, "शैला, तुज्या गाडीत सोजराक्काची आवतनं हायेत म्हनं. तीच लाव की दुपारी. पावनं शिकलेले हायेत, कुनी कुनाला आत बसवलं म्हनून बोलाय लागत्याल. अन् बाहीर बसवावं तर आमची म्हातारी ऐकत न्हाय. ह्येच्यात कुनाचंच मन दुकत न्हाय बग."

अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "आक्काला इचार आदी."

मी म्हणाले, "अण्णा, त्यांचाच तर आवाज आहे. त्यांना काय विचारायचं त्यात?"

हे वाक्य मी आजवर अनेक भाषणांत दुसऱ्यांच्या तोंडी घातलं आहे. आवाज पाहिजे, बाई नको, ही ओळ आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली आहे आणि सभेत ती म्हटली की बाया टाळ्या वाजवतात. पण ते वाक्य बब्रुवानकाकांचं नव्हतं. ते माझं होतं.

चारच्या सुमारास मी व्हॅन बोळात मागं मागं घेत आणून आत्याच्या मागच्या भिंतीला लावली, तोंड मांडवाकडं. सगळी दारं उघडी टाकली, आवाज वाढवला. यंत्रावरचा आकडा बदलायचं मला सुचलंच नाही. तो वर्षभर तोच होता. टेपवर चार बत्तीस झाले आणि मी बटण दाबलं. मांडवात बायांनी पदर सारखे केले. पहिलं आवतन गेलं, दुसरं गेलं. कुणीतरी म्हणालं, आवाज कसा खनखनीत येतोय, हुबेहूब. चौथ्याला आमच्या आज्याचं नाव आलं तेव्हा काकांच्या म्हातारीनं मान वर केली. "आमच्याकडं ह्या नावाचा कोन हाय गं?" तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, "गानंच हाय मामी, नुसतं." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नावं आमची होती. मी आमच्या मेलेल्या माणसांना दुसऱ्याच्या मांडवात बोलावत होते. हात पुढं केला. तोवर पाचवं आलं, आणि शिट्टी झाली.

आत्याकडं काय झालं ते मला नंतर कळलं, तिच्याकडूनच. रेडिओ खरखरला, तशी तिला वाटलं, आली गाडी. तिनं आधण ठेवलं, साखर घातली. आणि रेडिओतून तिचाच आवाज आला. ती म्हणाली, "म्या वळखलाच न्हाय. म्हनलं, कोन बाई माझ्या नागूला बोलवाय लागली?"

ती बोळातून आली ती अनवाणी. चैत्रातलं ऊन, जमीन तापलेली. डोक्यावर पदर नीट, हातात चहाची गाळणी तशीच. मांडवाच्या कडेला, जिथं तिनं उभं राहू नये असं गावानं ठरवलेलं, तिथं ती उभी राहिली आणि सगळ्यांकडं बघून सरळ म्हणाली, "माझं लेकरू हितं आलंय. न्यायला आले."

बब्रुवानकाका पुढं झाले. "आक्का, गानं हाय त्ये. शैलानं लावलंय. बंद कर गं शैला." मी बंद केलं. टेपवर चार छत्तीस.

"बंद करून कसं व्हईल? आलाय त्यो आता," आत्या म्हणाली. "बोळवण करते अन् घिऊन जाते. मेढ कुठली?"

सगळा प्रसंग इथं अडला. चूक दाखवायची तर बोट कुणाकडं दाखवायचं ते मला आजही कळत नाही. बोळवण म्हणजे मांडव उतरल्यावर म्हणायचं गाणं. हळद लागायच्या आधी, अक्षता पडायच्या आधी ती मेढीला हात लावून म्हटली, तर त्या घरानं बोलावलेले सगळेच परत जाणार. कार्य उघडं पडणार. काकांची म्हातारी उठून मेढीला पाठ लावून उभी राहिली आणि हात जोडले. "सोजर, तुज्या पाया पडते. माझ्या नातीची हळद हाय. आज नगं. आज बोळवण नगं." ती खरंच पाया पडायला वाकली. आत्यानं तिला धरलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि दोघींचंही खरं होतं. नवरी पाटावर बसलेली, हातात सुपारी, मान खाली, रडत होती.

मागून एका तरुणाचा आवाज आला, "म्हातारीचं डोस्कं फिरलं काय?" कुणीतरी हसलं. आत्यानं ते ऐकलं असावं. तिला कमी ऐकू यायचं. पण असलं काही प्रत्येकाला ऐकू येतं.

"बरं," ती म्हातारीला म्हणाली. "मांडव कदी उतरनार?"

"बुदवारी."

"मग बुदवारपत्तूर त्याला जेवायला घाला. धपाटं खातोय त्यो. दही लागतंय."

आणि गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी तिच्या मागं गेले तर चुलीवर पातेलं कोरडं पडलं होतं, चहाची पूड करपून तळाला चिकटलेली. दोन कप मांडून ठेवले होते. तिच्यासाठी एक, माझ्यासाठी एक.

बुधवारपर्यंत ती दारातच बसून होती, मांडवाकडं तोंड करून. जेवायला आमच्याकडं आली नाही. म्हातारीनं शब्द पाळला, हेही लिहायला हवं. दोन्ही दिवस तिनं एका पानावर धपाटं आणि दही मेढीशी ठेवलं, पाहुण्यांसमोर, कुणाला न विचारता. बुधवारी मांडव उतरला, आत्यानं मेढीला हात लावून बोळवण म्हटली आणि घरी आली. चेहरा जरा सैल झाला. मला हाक मारली, चहा दिला. मला वाटलं, संपलं.

पुढच्याच आठवड्यात ती डोळे दाखवायला एसटीनं उमरग्याला निघाली होती. मी सोबत होते. मागच्या सीटवर कॉलेजची पोरं मोबाइलवर गाणी वाजवत होती. एक संपलं, दुसरं लागलं, आणि पहिलं आवतन तुळजापूरच्या आईला गेलं. आत्या वळून बघेपर्यंत शिट्टी झाली होती. तिनं माझा हात धरला.

"शैले, ह्येंच्याकडं कसं गेलं?"

मी समजावून सांगितलं. ब्लूटूथनं एकाकडून दुसऱ्याकडं जातं, म्हटलं. पाठवलं तरी पहिल्याकडचं जात नाही, तेही राहतं.

"म्हंजे किती ठिकानी आसंल?"

"सांगता येत नाही, आत्या."

"एकाच येळी?"

"व्हय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली होती. ट्रॅक्टर बाजूला झाल्यावर म्हणाली, "लेकरू हाय गं त्ये. दमंल."

त्यानंतर ती कुठं मांडव दिसला की मेढ शोधायला जाऊ लागली. आधी आमच्या गावात, मग शेजारच्या. मांडव उतरेपर्यंत लांब उभी राहायची, मग परवानगी मागायची. काही घरं द्यायची, काही हाकलायची. दोनदा अण्णा तिला व्हॅनमधे घालून परत घेऊन आले. गाव म्हणायला लागलं, सोजरला वेड लागलं. वेड लागलं नव्हतं. गावानं आणि मी मिळून जी घाण केली होती ती एक बाई एकटी आवरत होती. त्या काळात तिला एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही. कशाला येईल? गाणं तर सगळ्यांच्या खिशात होतं.

मी पितर मानत नाही. माझ्या पत्रकांत असल्या गोष्टींबद्दल जे लिहिते त्यातला एक शब्द मागं घेत नाही. पण न मानणं सोपं असतं ते आपला कुणी मेलेला नसतो तोवर, आणि तो आपल्या आवाजानं बोलावलेला नसतो तोवर. तेव्हा मात्र मी तंत्रानं केलेली चूक तंत्रानंच दुरुस्त करायला गेले. म्हणाले, "आत्या, बोळवणही म्हणा. मी रेकॉर्ड करते, त्याच गाण्याच्या शेवटी जोडते आणि सगळ्यांना पाठवते. मग जिथं वाजेल तिथं बोलावणंही होईल आणि पाठवणंही होईल."

तिला पटलं. ती पाटावर बसली, पदर सारखा केला. मी मोबाइल धरला. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"माझ्या आवाजानं त्याला घरी धाडशील," ती म्हणाली. "अन् त्यो घरी यील तवा म्या घरात नसले तर?"

मी बटण दाबलं नाही. बोळवण न म्हणताच ती दोन वर्षांनी गेली, साध्या सर्दीतून छातीत कफ होऊन. अण्णांनी त्या सोमवारीच टेपचा फ्यूज काढून खिशात टाकला होता; व्हॅन भंगारात गेली तोवर तो टेप पुन्हा वाजला नाही, आणि त्यानं वेळही दाखवली नाही. आत्या गेल्यावर गावातल्या हळदींना आवतनं म्हणायला कुणी उरलं नाही. शंभर घरांची नावं तिच्याबरोबर गेली.

मागच्या महिन्यात प्रचाराहून परतताना आमची जीप हायवेवरच्या एका धाब्यावर थांबली. शेजारी एक नवी गाडी, दारं उघडी, आत पोरं. टेप नव्हताच तिच्यात. मोठा काचेचा पडदा होता, त्यावर चित्रं हलत होती. वायर नाही, कार्ड नाही, गाणं हवेतूनच येत होतं. खाली धडधड असा ठेका बसवलेला, आणि वर सोजरआत्या. मी ताटावरून उठले. त्या पोराला म्हटलं, हे बंद कर आणि पूस. त्यानं विचारलं, "कामून मावशी? मस्त हाय की." मी त्याला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. तो हसला नाही. त्यानं पुसलं. मग म्हणाला, "माझ्याकडचं गेलं. पन लई जनाकडं हाय."

ते मला माहीत आहे. म्हणून हे लिहिलं.

तुमच्याकडंही असेल. वऱ्हाडाच्या गाडीत, पेनड्राइव्हवर, भावाच्या मोबाइलात. ओळखायची खूण सांगते. चार आवतनं होतात, पाचव्याला नागनाथ हे नाव येतं आणि लगेच कुकरची शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी त्या गाण्यात आहे, कारण एका बाईला तिच्या भावाच्या मांडवात बसू दिलं नव्हतं. ती ऐकू आली की गाणं थांबवा. पुसून टाका. तुमच्या घरी कार्य असेल तर तुमच्या गावातल्या सोजरकडं पायी जा, तिला विचारा, आणि आणून चौकात बसवा, पडद्याआड नाही. आणि निघायच्या आधी गाडीचं पुढचं दार उघडा, आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. तो दार उघडायची वाट बघत बसला असेल.